आधी नव्वद, नंतर नव्वद

“आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, यांच्यातला फरक. बघतात ते तेवढंच, हज्जा,” मुलगी म्हणाली आणि मांडीवरच्या टॅबवर बोट फिरवत राहिली. हज्जा इन्शिराहच्या हातातली मुलूखियाच्या पालेभाजीची काडी मात्र तिथंच थांबली. अर्धी पानं खुडलेली, अर्धी काडीवरच. परातीत हिरवा ढीग, बोटं हिरवी, आणि कानात ते वाक्य, चिलट शिरावं तसं. खरं तर प्रश्न तिनंच विचारला होता, तोही टोमणा म्हणून. विद्यापीठातून आलेली ही रीहाम नावाची पोर, डोक्याचा रुमाल नीटनेटका, बूट दाराबाहेर काढलेले, घटकाभर तिच्या तब्येतीची विचारपूस करत बसली होती. आणि फुकट विचारपूस करणारं माणूस हज्जानं सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून ती म्हणाली होती, “हे सगळं विचारून तुझ्या सरकारला करायचंय काय ग? माझं लग्न लावून देणार आहेत का?” पोर हसली आणि साधेपणानं सांगून मोकळी झाली. नवं औषध आलं की ते सरकारी खर्चानं लोकांना द्यायचं की नाही हे ठरवावं लागतं. माणूस किती दिवस जगतो एवढंच पाहून भागत नाही, ते दिवस कसे जातात हेही पाहावं लागतं. मग औषधाआधी रोग्याला विचारायचं, औषधानंतर विचारायचं, आणि दोन्हींचे आकडे काढायचे. फरक पडला तर औषध मिळतं. नाही पडला तर नाही.

“आणि रोग्याला बोलताच येत नसलं तर?” हज्जानं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

“मग घरचं माणूस उत्तर देतं. बायको, मुलगी. जे सांभाळतं ते.”

खालून ट्राम गेली. बाकोस वस्तीतल्या या घरात चौथ्या मजल्यावर ट्रामचा आवाज आधी भिंतीत येतो, मग कपाटातल्या पेल्यांत, मग कानात. चाळीस वर्षं तो आवाज म्हणजे मितवल्लीचा आवाज होता. मितवल्ली, तिचा नवरा, रिफअतचा बाप, ट्रामवरचा कंडक्टर. खाकी सदरा, कानामागे पेन्सिल, आणि गर्दीच्या डोक्यावरून जाणारी हाक. सगळ्या थांब्यांची नावं तो ओरडायचा, पण ‘सीदी गाबर’ म्हणताना असा काही हेल काढायचा की पेंगणाऱ्या बायका दचकून पिशव्या सावरायच्या. झटका आला तेव्हा डावं अंग गेलं, उजवंही धड राहिलं नाही, आणि जीभ गेली. जिभेबरोबर सगळे शब्द गेले. बायकोचं नाव गेलं, लेकाचं गेलं, देवाचं गेलं. कसा कोण जाणे, तेवढा एक थांबा राहिला. पाणी हवं, सीदी गाबर. कूस बदलायची, सीदी गाबर. रिफअत पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा बापानं त्याच्याकडे बघून ‘सीदी गाबर’ म्हटलं आणि रडला, आणि तो घोड्यासारखा पोरगा जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, त्याला काय म्हणायचंय ते त्यालाच ठाऊक. इन्शिराह मनात म्हणाली, तुम्हाला नसेल ठाऊक. महिन्याभरात तिला हेल कळायला लागले होते. आखूड म्हणजे तहान. शेवटी वर चढलेला म्हणजे भांडं आण. आणि मधलं अक्षर दाताखाली चिरडून, लांबवत, डोळे छताला लावून म्हटलेला म्हणजे दुखतंय. तो तिला मोरीतून, बाल्कनीतून, शेजारच्या घरातूनही कळायचा.

“हज्जा, पुढे जाऊ या का?” रीहामनं विचारलं.

“जा की. तुला काय मी धरून ठेवलंय?”

आतून सून हसली. नजला तिचं नाव, हसायला तिला कारण लागत नाही. “डॉक्टरीणबाई, आमच्या हज्जाला तब्येतीचं विचारू नका. तिला विचारलं तर या इमारतीत आजारी म्हणून कुणी नाहीच.”

“तू चहा टाक,” हज्जा म्हणाली, “आणि साखर हात राखून टाक. तुझ्या माहेरचं लग्न नाहीये.”

नजलाचं म्हणणं खोटं नव्हतं. घटकेपूर्वीच पोरीनं तिला पाच गोष्टी विचारल्या होत्या: चालणं-फिरणं, आंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं, जिवाला घोर. प्रत्येकीपुढं पाच उत्तरं, काही त्रास नाही इथपासून अजिबात जमत नाही इथपर्यंत. हज्जानं पाचही वेळा एकच उत्तर दिलं होतं: अल्हम्दुलिल्लाह, देवाची कृपा. पोरीनं मान हलवून ‘काही त्रास नाही’वर खूण केली, पण चालण्या-फिरण्याच्या वेळी तिची नजर बाल्कनीकडे गेली. तिथं कठड्याला दोरी बांधून टोपली ठेवलेली होती. बाकोसच्या सगळ्याच बायका टोपली सोडतात, भाजीवाला खालून भरून देतो, त्यात नवल नाही. पण ही दोरी कठड्यावर जिथं घासते तिथला रंग उडून लोखंड पांढरं पडलं होतं. हज्जा आठ महिन्यांत खाली उतरली नव्हती. खुब्यात काहीतरी किरकिरायचं, पायरीवर वजन टाकलं की कमरेपासून घोट्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं. रिफअतला तिनं सांगितलं होतं की खाली बघण्यासारखं काही उरलेलं नाही, रस्त्यावर नुसता उकिरडा. मग पोरीनं एक उभी पट्टी दाखवली, ताप मोजायच्या नळीसारखी, खाली शून्य, वर शंभर. शून्य म्हणजे तुमच्या कल्पनेतली वाईटात वाईट तब्येत, शंभर म्हणजे उत्तमात उत्तम. आज तुम्ही कुठं? हज्जानं बोट पंचाण्णववर ठेवलं होतं. शंभर कोण म्हणतं? शंभर म्हणणं म्हणजे माज, आणि दृष्ट लागायला दार उघडं टाकणं.

ती पट्टी तिनं आधी पाहिलेली होती. बोट ठेवताना काहीतरी खटकलं होतं, पण तेव्हा ते तिनं झुरळासारखं झटकलं. आता झटकलं जाईना. अकरा वर्षांपूर्वीची पट्टी कागदावर होती आणि कागदाला दवाखान्याचा वास होता. लांबलचक हिरवट ओसरी, भिंतीला टेकून चाकाच्या खुर्च्या, खुर्च्यांत झटक्यानं वाकडी झालेली माणसं, आणि प्रत्येकाशेजारी एक बाई. पंचवीसएक असतील. नवं इंजेक्शन आलं होतं, आखडलेले हातपाय सैल करणारं, आणि ते काही लोकांना देऊन बघणार होते. मितवल्लीची डावी मूठ तेव्हा दोन वर्षं मिटलेली होती. अशी मिटलेली की नखं तळव्यात रुतायची. ती रोज बोटांच्या फटीतून कापडाची गुंडाळी सरकवायची आणि ती ओली होऊन बाहेर यायची, कधी घामानं, कधी रक्तानं. चष्मेवाला तरुण डॉक्टर कागद घेऊन एकेकापुढे बसत होता. शेजारी दमनहूरहून आलेली बदरिया नावाची बाई होती, भावाला घेऊन आलेली, ती भोळी भडाभडा सांगू लागली की भाऊ रात्रंदिवस कण्हतो, कपडे खराब करतो. तेव्हा इन्शिराहनं तिच्या दंडाला धरून ओढलं. “ए बाई, तोंड आवर. परक्या पोरापुढं भावाची लाज काढतेस? माणूस वाघासारखा होता ना घरात? देवानं जे दिलंय त्याला अल्हम्दुलिल्लाह म्हण आणि गप बस.” ती हे हळू बोलली नव्हती. हळू बोलणं तिला जमतच नाही. साऱ्या ओसरीनं ऐकलं. बायकांनी माना खाली घातल्या, डोक्यावरचे रुमाल सावरले, आणि मग एकेकीची पाळी आली तसं एकेकीच्या तोंडून तेच येऊ लागलं. इन्शिराह ते ऐकत ताठ बसली होती. तिला वाटलं होतं, या गरीब बायांना आपण अब्रूनं बसायला शिकवलं.

आणि मग तो चष्मेवाला तिच्यापुढं आला. त्यानं तिला नाही, आधी मितवल्लीला विचारलं, तेवढी रीत त्याच्यात होती. “बाबा, दुखतं का कुठं?” मितवल्लीनं डोळे छताला लावले आणि मधलं अक्षर दाताखाली चिरडून, लांबवत म्हणाला, “सीदी गाबर.” डॉक्टर तिच्याकडे वळला. “काय म्हणतायत?”

“अल्हम्दुलिल्लाह म्हणतायत,” इन्शिराह म्हणाली.

मितवल्लीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं. रागानं नाही. गाडी सुटताना लांबून धावत येणाऱ्या उतारूकडे कंडक्टर बघतो तसं. हे पाहणं ती अकरा वर्षं विसरली होती असं म्हणता येणार नाही. तिनं ते कपाटात वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या पेल्यांमागं ठेवून दिलं होतं, आणि ट्राम गेली की तेही पेल्यांबरोबर वाजायचं. पट्टीवर तिनं नव्वद सांगितलं. पुढच्या सहा महिन्यांत दोन इंजेक्शनं झाली. दुसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी ती त्याचे पाय पुसत होती, आणि तिच्या गुडघ्यावर काहीतरी उबदार येऊन पडलं. त्याचा हात होता तो, डावा, मेलेला. आणि उघडा होता. तळव्यावर चार नखांच्या चार पांढऱ्या कोरी, ईदच्या चंद्रासारख्या. तिनं तो हात बराच वेळ गुडघ्यावर तसाच राहू दिला आणि बाहेर भाजीवाला ओरडून ओरडून निघून गेला. चष्मेवाला पुन्हा कागद घेऊन आला तेव्हा ती इतकी सुखात होती की तिला भीती वाटली. सुख बोलून दाखवलं की नजर लागते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. “कसं काय आता?” “आहे तसंच. अल्हम्दुलिल्लाह.” “पट्टीवर?” “नव्वद.” तिसऱ्या इंजेक्शनाला गेली तर खिडकी बंद. कुणीतरी सांगितलं, संपलं ते. कागदावर काही फरक दिसला नाही.

त्या दिवशी तिनं खिडकीपुढं उभं राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चोर आहेत, औषध विकून खाल्लं. पुढची सगळी वर्षं ती हेच सांगत आली, नजलाला, शेजारणींना, मासळीवाल्याला. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की हातात धरताना कुठं टोचत नसे. मूठ दोन महिन्यांत पुन्हा मिटली, आणि चार वर्षांनी तो गेला तेव्हाही मिटलेलीच होती. अंघोळ घालणारा माणूस दाराशी येऊन हळूच म्हणाला होता, “हातात काही धरलंय का त्यांनी? उघडत नाहीये.” ती म्हणाली होती, “राहू दे. त्याचं आहे ते.”

आधीही नव्वद. नंतरही नव्वद. आकडेमोड तिला गाजरं-कांद्यापुरती येते, पण एवढी येते.

“एका बाईनं खोटं सांगितलं,” ती मुलूखियाकडे बघत म्हणाली, “तर तुमचा आकडा बिघडतो का ग?”

“एकीनं काही होत नाही हज्जा. शेकडो लोक असतात.” पोर तिला धीर देत होती हे तिला कळलं, आणि कशाबद्दल देतेय हे पोरीला कळलं नव्हतं, तेही. “अख्ख्या दवाखान्यानं एकदम खोटं सांगायला हवं, तरच.”

ओसरी. हिरवट भिंती. खाली गेलेल्या पंचवीस माना. बदरियाच्या दंडावर स्वतःच्या बोटांची पकड तिला आत्ता बोटांत जाणवली, आणि तिनं हात झग्याला पुसले, हिरवा रंग काही जाईना.

नजलानं चहा आणून ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली, तमाशा बघायला. रीहामनं टॅब हज्जाकडे वळवला. आता दुसरा भाग होता. पोर छापील वाक्य वाचावं तसं बोलू लागली, कारण तिला एक शब्द इकडचा तिकडे करायची मुभा नव्हती. समजा, तुम्हाला अशी तब्येत आली.

“शुभ बोल ग पोरी. माझ्या घरात बसून ‘समजा’ म्हणतेस?”

“खरंखुरं नाही हज्जा. कार्डावरचं आहे. वाचून दाखवते.” आणि तिनं वाचलं. चालता अजिबात येत नाही. स्वतःची आंघोळ, कपडे अजिबात जमत नाही. रोजचं काही करता येत नाही. अतोनात वेदना. अतोनात घोर. “अशी दहा वर्षं, आणि मग मरण. नाहीतर दुसरीकडे, पूर्ण ठणठणीत पाच वर्षं, आणि मग मरण. दोन्हींतलं कुठलं?”

हज्जा टॅबवरच्या त्या कार्डाकडे बघत राहिली. तिला अक्षरं लावून लावून वाचता येतात, पण वाचायची गरज नव्हती. त्या पाच ओळींत तिनं सहा वर्षं चादरी बदलल्या होत्या. ज्यानं कुणी हे कार्ड लिहिलं तो तिच्या घरात येऊन, त्या कोपऱ्यात, जिथं आता नजलाचं शिवणयंत्र आहे तिथं, उभा राहून गेला असला पाहिजे.

“आयुष्य देवाच्या हातात,” ती म्हणाली. “त्याचा मोडून तुकडा करणारी मी कोण? आणि तू कोण भाव करणारी?”

“बरेच लोक असंच म्हणतात,” रीहाम म्हणाली. “मग मी लिहिते, काही सोडायला तयार नाहीत.”

“लिही. म्हणजे काय होतं?”

पोर अडखळली. हे बहुधा सांगायचं नसतं. पण हज्जाच्या डोळ्यांपुढं रिफअतची आणि नजलाची नजर टिकत नाही, ती पोर काय टिकणार. “म्हणजे… असा अर्थ निघतो की ही तब्येत तुम्हाला ठणठणीत तब्येतीइतकीच चांगली वाटते.”

“नव्वद,” हज्जा म्हणाली.

“काय?”

“काही नाही.” गप्प बसलं तरी नव्वद. देवाचं नाव घेतलं तरी नव्वद. या लोकांनी असा दरवाजा केलाय की अब्रू सांभाळून त्यातून बाहेर पडलं की आतला माणूस ठणठणीत ठरतो. “आणि मधेच उठले तर? अर्धवट सोडलं तर?”

“अर्धवट असलेलं टाकून देतात.”

“म्हणजे मी इथं नव्हतेच.”

“हो.”

हज्जानं परात बाजूला सारली. “विचार.”

“पाच वर्षं ठणठणीत, की दहा वर्षं अशी?”

“ठणठणीत पाच.”

“तीन वर्षं ठणठणीत, की दहा अशी?”

“तीन.”

“दोन?”

“दोनच दे.” ती भाजीवाल्याशी बोलते त्याच आवाजात बोलत होती, आणि नजला दारातून हसली, आणि मग हसायची थांबली. कारण सासू टॅबकडे बघत नव्हती. शिवणयंत्राकडे बघत होती.

“एक वर्ष ठणठणीत?”

एक वर्ष. उघडा हात गुडघ्यावर घेऊन एक वर्ष. “हो. एक.”

“सहा महिने?”

“हो म्हटलं ना!”

पोरीचा आवाज खाली आला, तरी शब्द छापीलच होते. “आता दुसरीकडे काहीच उरत नाही, हज्जा. दहा वर्षं या तब्येतीत, की आत्ताच मरण?”

मितवल्लीचा एक हेल असा होता की त्याचा अर्थ तिनं कुणाला सांगितला नव्हता. शेवटच्या दोन वर्षांतला. तहानेचा नाही, भांड्याचा नाही, दुखण्याचाही नाही. अगदी हळू, जवळजवळ लाडानं, दाराकडे बघून. पहिल्यांदा ऐकला त्याच क्षणी तिला तो कळला होता, आणि त्याच क्षणी तिनं ठरवलं होतं की हा आपल्याला कळत नाही. तो तसं म्हणाला की ती उशी सारखी करायची, पाणी पाजायची, पांघरूण ओढायची. दुसऱ्याच कुठल्या प्रश्नांची उत्तरं देत राहायची. तो पुन्हा म्हणायचा. ती पुन्हा उशी सारखी करायची. खालून ट्राम आली, आधी भिंतीत, मग पेल्यांत.

“सीदी गाबर,” हज्जा म्हणाली. हळू, जवळजवळ लाडानं.

नजलानं दाराला टेकलेली पाठ सरळ केली. रीहामनं मान वर केली. “काय म्हणालात?”

तोच प्रश्न. अकरा वर्षांनी, दुसऱ्या तोंडातून. आणि उत्तर द्यायला या खेपेलाही तीच.

“तो म्हणतोय, उतरायचंय,” ती म्हणाली. “त्याआधी कितीतरी वर्षं म्हणत होता, दुखतंय. तेही लिही.”

“हज्जा, इथं तसं लिहायला जागा नाही. इकडचं की तिकडचं, तेवढंच.”

“मग दाखव कुठं बोट ठेवायचं.” पोरीनं दाखवलं. हिरव्या बोटाचा ठसा काचेवर उमटला, आणि तिनं तो पुसू दिला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याच्याकडे ती लक्ष देत नव्हती, दुसऱ्या कुणाच्या घरातला नळ गळावा तसं. एवढं बोलून कुठं काही उघडत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती मूठ जिथं आहे तिथं मिटलेलीच आहे. बदरियाच्या भावाचं पुढं काय झालं, तिला कळलं नाही, कळणारही नाही.

बाकीची कार्डं झाली. तिनं सगळ्यांना उत्तरं दिली, एकही अर्धवट सोडलं नाही. रीहाम टॅब पिशवीत घालायला लागली तेव्हा हज्जानं तिचा दंड धरला. बोटं दंडाभोवती बसली आणि तिनं लगेच पकड सैल केली.

“तुझा तो पहिला प्रश्न. चालण्या-फिरण्याचा. परत विचार.”

“ते तर झालं की. ‘काही त्रास नाही’…”

“गेलंय का ते वर? तुझ्या मोठ्या लोकांकडे?”

“नाही अजून.”

“मग विचार.”

रीहाम पुन्हा सतरंजीवर टेकली. टॅब उघडला, पहिल्या पानावर गेली, आणि छापील वाक्य छापील आवाजात वाचलं: आज तुम्हाला चालण्या-फिरण्यात काही त्रास आहे का? जुनं उत्तर आपोआप हज्जाच्या ओठांपर्यंत आलं, पाळलेल्या मांजरासारखं, पायाशी घुटमळत. तिनं ते गिळलं. दारात नजला ट्रे छातीशी धरून उभी होती, आणि आज संध्याकाळी ती रिफअतला सगळं सांगणार होती, शब्दन् शब्द, वर मीठमसाला लावून. बाल्कनीत टोपलीची दोरी जरा हलत होती.

“मला उतरता येत नाही,” हज्जा म्हणाली.